सालामांकातला कायदा आणि फोंड्याचं घर

माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये कायदा शिकते. तिच्या पदवीचं नाव ‘लॉ विथ स्पॅनिश’. चार वर्षांचा अभ्यास. त्यातलं तिसरं वर्ष स्पेनमध्ये काढायचं आणि तिथल्या मुलांच्या शेजारी बसून, त्यांच्याच भाषेतून, त्यांच्याच देशाचा कायदा शिकायचा. आमच्या घरात हे नीट कुणालाच कळलं नव्हतं. फोंड्याला माझी आई शेजारणींना सांगायची, "वकील होतेय, आणि बाजूला एक भाषाही शिकते." अकरावीला मुलं संस्कृतऐवजी फ्रेंच घेतात, तसंच काहीतरी.

मामा बरीच वर्षं लेस्टरला आहे. त्याचं मत याहून फार वेगळं नव्हतं, फक्त त्यात पौंडांचा हिशेब होता. परदेशातल्या वर्षाची फी कमी असते, जेमतेम १५ टक्के. पण खोलीभाडं आणि खाणंपिणं आहेच. त्यातून गेल्या जानेवारीच्या परीक्षेत धाकटीला (घरात सगळे तिला तेच म्हणतात) नागरी कायद्यात १० पैकी ४.२ मिळाले. पास व्हायला ५ लागतात. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी तीन महिने माद्रिदला होते. मामाचा फोन आला. "तू जवळ आहेस, जाऊन ये. तिला म्हणावं, हे स्पॅनिश सोड आणि परत ये. चार महिने कुठे तरी अनुभव घे, सप्टेंबरात शेवटचं वर्ष कर, साधी एलएलबी पदरात पाड. सॉलिसिटर व्हायला स्पॅनिश लागत नाही."

त्याचं शेवटचं वाक्य खरं आहे. लागत नाही.

माद्रिदहून सालामांकाला बसने अडीच तास लागतात. फेब्रुवारीत ग्वादारामाच्या डोंगरांवर बर्फ होता. डोंगर ओलांडले की पठार सुरू होतं, सपाट, कोरडं, थंड. मधे आविला शहराचा दगडी तट दिसतो. सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. गोव्याच्या माणसाला तिथला वारा सोसत नाही. मात्र ऊन पडलं की गाव सोनेरी दिसतं. जवळच्या वियामायोरचा पिवळसर दगड सगळ्या जुन्या इमारतींना वापरला आहे, आणि संध्याकाळी तो आतून दिवा लावल्यासारखा उजळतो. मी फोटो काढत बसले तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, आधी खायला चल, दगड कुठे जात नाही." (घरी आम्ही कोकणीच बोलतो, इथे मराठीत लिहिते आहे.) मी तिच्यासाठी सोलां आणली होती. पुडी उघडून तिने नुसता वास घेतला आणि बराच वेळ बोललीच नाही.

विद्यापीठ १२१८ चं. लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने स्थापन केलेलं, स्पेनमधलं आज चालू असलेलं सर्वांत जुनं. जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर इतकं कोरीवकाम आहे की मान दुखते. त्यात एका कवटीवर बसलेला एक छोटा बेडूक आहे. जो विद्यार्थी तो कुणाच्या मदतीशिवाय शोधतो तो पास होतो, अशी समजूत. धाकटी पहिल्याच आठवड्यात त्याला शोधून आली होती. "चार पूर्णांक दोन," ती म्हणाली, "बेडकाने एवढेच दिले."

जुन्या भिंतींवर ठिकठिकाणी तांबड्या अक्षरांत नावं आणि एक गुंतागुंतीचं चिन्ह रंगवलेलं दिसतं. याला वीतोर म्हणतात. पूर्वी डॉक्टरेट मिळवणारा आपलं नाव असं भिंतीवर लिहवून घेई. रंगात बैलाचं रक्त असे असं सांगतात. त्याच इमारतीत फ्राय लुइस दे लेओनचा वर्ग जुन्या रूपात राखून ठेवला आहे. तिथले बाक म्हणजे ओबडधोबड तासलेले लाकडाचे ओंडके. या प्राध्यापकाने बायबलमधलं गीत स्पॅनिशमध्ये उतरवलं आणि त्या व इतर आरोपांवरून इन्क्विझिशनने त्याला १५७२ मध्ये तुरुंगात टाकलं. सुटायला चारहून अधिक वर्षं लागली. परत आल्यावर त्याने जणू कालच तास संपला होता अशा थाटात शिकवायला सुरुवात केली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाच असावी. पण भाषांतरासाठी माणूस तुरुंगात गेला हे खरं आहे, आणि धाकटी त्या बाकांपाशी जरा जास्तच वेळ उभी राहिली.

आजचा कायदा मात्र इथे शिकवत नाहीत. कायद्याची फॅकल्टी गावाच्या एका बाजूला उनामुनो कॅम्पसवर आहे. नवी, मोठी, काचेची, आपल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजसारखी. मी सोमवारची रजा टाकली होती, म्हणून तिच्याबरोबर एका तासाला मागे जाऊन बसले. मला स्पॅनिश हॉटेलात जेवण मागण्यापुरतं येतं. तरी एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक मुलापुढे एक जाडसर पुस्तक होतं, कडांना रंगीत चिठ्ठ्या लावलेलं: कोदिगो सिविल, १८८९ चा नागरी संहिता-ग्रंथ. प्राध्यापक कलमाचा नंबर म्हणायचे आणि शंभर पानं एकदम उलटल्याचा आवाज यायचा. स्पॅनिशमध्ये माझ्या कामालाही कोदिगोच म्हणतात. मी कोड लिहिते, ही कोड वाचते.

ती का नापास झाली ते तिने मला तिथल्या कँटीनमध्ये समजावलं. इंग्लंडमध्ये कायदा खटल्यांतून शिकतात. न्यायाधीशांनी शे-दोनशे वर्षांत काय म्हटलं, कुठल्या खटल्याने आधीचा कुठला मोडीत काढला, मग दोन्ही बाजू मांडून आपलं मत. तिने परीक्षेत तसंच लिहिलं: सुंदर, दोन्ही बाजूंनी, चार पानं. स्पेनमध्ये आधी कलम. कलम काय म्हणतं, त्यातली प्रत्येक अट समोरच्या प्रसंगाला लागू होते की नाही, मग निष्कर्ष. न्यायालयाचे निकाल नंतर, कलमाला पूरक म्हणून. प्राध्यापकांनी तिच्या पेपरवर एकच प्रश्न लिहिला होता: कुठलं कलम?

शब्दही फसवतात. इंग्रजीत ‘ज्युरिसप्रुडन्स’ म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान. स्पॅनिशमध्ये हुरिसप्रुदेन्थिया म्हणजे न्यायालयाचे निकाल. ‘सेंटेन्स’ इंग्लंडमध्ये गुन्हेगाराला होते. इथे सेंतेन्थिया म्हणजे कुठलाही निकाल, भाडेकरूच्या भांडणाचासुद्धा. इंग्लिश कायद्यातल्या ‘ट्रस्ट’ला स्पॅनिश संहितेत जोडच नाही. उलट देरेचो या एका शब्दात कायदा आणि हक्क दोन्ही येतात. मी म्हटलं, मग वाक्य वाचताना तुला कसं कळतं कुठला अर्थ? "तू कंपाइलरला कसं कळवतेस?" ती म्हणाली. प्रश्नाला उत्तर झालं नाही, पण मला कळलं.

याउलट काही शब्द तिच्यापेक्षा मलाच लवकर ओळखू आले, कारण स्पेनमध्ये शेकडो वर्षं अरबी बोलली जात होती. तिथे महापौराला अल्काल्दे म्हणतात. तो आपला काझी. कुणा अनामिक माणसाला फुलानो म्हणतात. तो आपला फलाणा. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला अल्बाथेआ म्हणतात, आणि त्याच्या पोटात जो अरबी शब्द आहे तोच हिंदी सिनेमातल्या ‘वसीयत’मध्ये आहे. लेस्टरला वाढलेल्या मुलीला फलाणा माहीत नव्हता. तिने तो वहीच्या कोपऱ्यात देवनागरीत लिहून घेतला, पाचवीतल्या अक्षरात.

दुपारी आम्ही सान एस्तेबानच्या मठाकडे गेलो. समोर फ्रान्सिस्को दे वितोरियाचा पुतळा आहे. हा डोमिनिकन साधू १५२६ पासून १५४६ मध्ये मरेपर्यंत इथे धर्मशास्त्र शिकवत होता. आंतरराष्ट्रीय कायद्याची पुस्तकं ज्यांच्या नावाने सुरू होतात त्यांतला हा एक. १५३९ मध्ये त्याने ‘इंडियन’ लोकांबद्दल जाहीर व्याख्यानं दिली. हे इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. कोलंबसाच्या चुकीने त्यांना आपलं नाव मिळालं. वितोरियाचं म्हणणं असं की स्पॅनिश लोक पोहोचण्याआधी ते लोकच त्या जमिनीचे खरे मालक होते. ते ख्रिस्ती नाहीत म्हणून त्यांची मालकी जात नाही. सम्राट साऱ्या जगाचा धनी नाही आणि पोपला ती जमीन कुणाला देऊन टाकायचा अधिकार नाही. सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याच वर्षी मठाच्या प्रमुखाला पत्र पाठवून ही चर्चा बंद करायला सांगितली.

इथून तासाभराच्या अंतरावर तोर्देसियास आहे. १४९४ मध्ये तिथे स्पेन आणि पोर्तुगालने नकाशावर एक रेघ मारून जग वाटून घेतलं होतं. आपण पोर्तुगालच्या बाजूला पडलो. १५१० मध्ये अल्बुकर्क मांडवीत शिरला. गोव्याच्या दोघी जणी त्या पुतळ्यापुढे उभ्या राहिल्या की हे सगळं मनात येणारच. मला तो साधू एकदम आवडला. धाकटीने मला थांबवलं. तिने त्याच्यावर टिपण लिहिलं होतं. म्हणाली, "पुढे वाच. तो म्हणतो की परदेशी माणसाला फिरायचा, व्यापाराचा, धर्म सांगायचा हक्क आहे, आणि तो अडवला तर युद्ध न्याय्य ठरू शकतं. पुढच्या दारातून हाकललं आणि मागचं उघडं ठेवलं." वीस वर्षांच्या मुलीने हे एवढं शांतपणे सांगावं, आणि ते लॅटिनचं स्पॅनिश भाषांतर वाचून सांगावं, याला मामाच्या हिशेबात रकाना नव्हता.

मामाचा निरोप मी तिला अजून दिला नव्हता. तिला तो ठाऊकच होता.

संध्याकाळी प्लासा मायोरमध्ये बसलो. अठराव्या शतकातला चौक, चारी बाजूंनी कमानी, वर थोरामोठ्यांचे दगडी चेहरे. इथे सगळे ‘घड्याळाखाली’ भेटतात, जसे मडगावला लोक नगरपालिकेपाशी भेटतात. शाकाहारी माणसाला तिथे बटाट्याच्या तोर्तियावर दिवस काढावे लागतात, कारण स्थानिक पदार्थ म्हणजे डुकराचं मांस भरलेली ओर्नाथो नावाची पाव-कचोरी. तोर्तिया खाता खाता तिने विषय काढला तो पुनर्परीक्षेचा: लेहीतिमा.

आणि मी सावध झाले, कारण हा शब्द आमच्या घरात आहे. पोर्तुगीज उच्चाराने लेजीतिमा.

इंग्लंडमध्ये माणूस मृत्युपत्रात आपली सगळी मालमत्ता कुणालाही देऊ शकतो. जे त्याच्यावर अवलंबून होते त्यांना १९७५ च्या कायद्याखाली कोर्टात मागणी करता येते, एवढंच. भारतातही, म्हणजे बेळगाव-कोल्हापूरच्या आमच्या नातेवाइकांकडे, हिंदू माणसाला स्वतःच्या कमाईचं सगळं मृत्युपत्राने हवं त्याला देता येतं. स्पेनच्या संहितेत तसं नाही. दोन तृतीयांश मुला-नातवंडांसाठी राखीव. त्यातला अर्धा भाग सगळ्या मुलांना समान. उरलेला अर्धा त्यांच्यातल्या एखाद्याला झुकतं माप देण्यासाठी वापरता येतो. फक्त शेवटचा एक तृतीयांश आईबापांच्या मर्जीचा. तेही सगळीकडे सारखं नाही: काताल्युन्यात राखीव भाग एक चतुर्थांश, नावारात तो केवळ नावापुरता. एका देशात वेगवेगळे वारसा कायदे. हे ऐकून गोवेकराला नवल वाटत नाही.

आपल्याकडे पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. १९६१ नंतरही तो राहिला. गंमत म्हणजे पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवीन संहिता केली, आपण जुनीच चालवत राहिलो. वारशाचा भाग २०१६ मध्ये गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला, पण गाभा तोच: अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी समान. आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोचं सगळं सामाईक, वारशाने आलेलंसुद्धा.

धाकटी बोटाने टेबलावर चौकोन काढत होती. तिने विचारलं, "मग फोंड्याचं घर?"

इथे मला सांगायला हवं की मी यात तटस्थ नाही. आजोबा २००९ मध्ये गेले, आजी २०२१ मध्ये. घर अजून आजोबांच्या नावावर आहे, इन्व्हेंटरी झालेली नाही. आजोबांनी घर मामाला ‘दिलं’ असं सगळे म्हणतात. कागद नाही, जेवताना बोलले होते. मामाला ते विकून लेस्टरच्या घराचं कर्ज फेडायचं आहे. आई आजवर काही बोललेली नाही. आपल्याकडे माहेरचं काही मागणं बहिणींना जड जातं, आणि एकुलता भाऊ परदेशी असला की आणखीच जड.

माझ्या फोनमध्ये जुन्या कागदांचे फोटो होते. आईने कपाटातून काढून पाठवलेले, पणजोबांच्या इन्व्हेंटरीचे, पोर्तुगीजमध्ये टाइप केलेले, खाली सही-शिक्के. दोन वर्षांपूर्वी एका वकिलाकडे वाचायला दिले होते. सहा महिन्यांनी तसेच परत आले. धाकटीने फोन हातात घेतला. पोर्तुगीज तिला येत नाही, पण स्पॅनिश तिच्या इतकी जवळची आहे की मराठी येणाऱ्याने कोकणी दस्त वाचावा तसं ती अडखळत वाचू लागली. एर्देइरोस म्हणजे वारस. मेएइरा पाशी अडली, मग पान मोठं करून हसली: अर्ध्याची मालकीण. पणजी. आधी तिचा अर्धा भाग बाजूला काढला होता आणि उरलेल्या अर्ध्याचेच वाटे केले होते. वाटे तीन. एक आमच्या आजोबांचा, आणि दोन त्यांच्या बहिणींचे. बहिणींनी घरातला वाटा सोडला होता, पण त्याबद्दल किती रुपये घेतले ते लिहिलेलं होतं, आणि खाली त्यांच्या व त्यांच्या नवऱ्यांच्या सह्या होत्या.

लहानपणापासून आम्ही ऐकत आलो होतो की त्या काळी मुलींना काही द्यायची पद्धत नव्हती.

ती बराच वेळ त्या सह्यांकडे बघत राहिली. मग तिने वही काढली आणि प्राध्यापकांनी सांगितलं होतं तसं लिहिलं: आधी नियम, मग अटी, मग निष्कर्ष. आजी-आजोबांचं मृत्युपत्र नाही. वारस दोन. वाटे समान. दोघांची लग्नं गोव्यात नोंदलेली, करार नाही, म्हणजे विक्रीला सह्या चार: मामा, मामी, आई आणि माझे बाबा. "जावयाची सही!" ती म्हणाली. "पप्पांना हे आवडणार नाही."

"तू नको सांगू," मी म्हटलं. "आई बघेल काय ते."

"आत्या बघणार नाही. तुलाही माहीत आहे." वही मिटून ती म्हणाली, "आणि ताई, तू मला परत न्यायला आली आहेस ना? मी आले असते परत, तर हा कागद कुणी वाचला असता?"

यावर माझ्याकडे काही नव्हतं. मी बिल दिलं.

रात्री तिच्या खोलीत, जमिनीवर गादी टाकून झोपले. ती टेबलाशी होती. तिने मामाला फोन केला नाही, पत्र लिहिलं, इंग्रजीत, दोन पानांचं. मला वाचायला दिलं. तक्रार नव्हती, भावना नव्हत्या, कुणी कुणाला काय दिलं होतं आणि कायद्याने कुणाचं काय आहे एवढंच. शेवटी एक ओळ पुनर्परीक्षेच्या तारखेची. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने निघाले. तोर्मेस नदीवरचा रोमन पूल पाहायचा राहिला.

मामाने दहा दिवस कुणालाच फोन केला नाही. आईला काळजी वाटली, मलाही. मी इकडून उगाच आग लावली असं मामी बोलल्याचं कानावर आलं. पुनर्परीक्षेत धाकटीला ६.३ मिळाले. स्पेनमध्ये ५ ते ७ म्हणजे नुसतं पास, ७ च्या वर चांगलं, ९ च्या वर उत्तम. मामाने ते शंभरात करून पाहिलं असणार. दुसऱ्या दिवशी त्याचा तिला मेसेज आला. सालामांकाबद्दल त्यात काही नव्हतं. पणजोबांचे कागद सगळे इंग्रजीत लिहून काढ, एक प्रत मला पाठव, एक आत्याला, असं लिहिलं होतं. चवथीला तो येणार आहे. इन्व्हेंटरी घालायची की आपसांत ठरवायचं हे तेव्हा बसून बोलू, असं आईला म्हणाला. आईने गणपतीच्या खोलीला रंग काढायला माणूस सांगून ठेवला आहे.